बाहेरचा नळ

बाबांनी सिंकखालच्या कपाटात डोकं घातलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाइपला टेकवलं आणि त्याची मूठ कानाला लावली. मी चहाला आधण ठेवून उभी होते.

"पाणी वाहून राहिलंय," ते म्हणाले.

"सगळे नळ बंद आहेत, बाबा."

"म्हणून तर सांगतोय."

सकाळचे सात वाजत आले होते. डिसेंबर सुरू झाला होता, बाहेर अजून उजाडलं नव्हतं. मी वर जाऊन बाथरूम पाहिली, फ्लशच्या टाकीला कान लावला, वॉशिंग मशीनच्या मागं हात घालून आले. सगळं कोरडं होतं. मी खाली येईपर्यंत बाबा म्हणाले, "थांबलं," आणि गुडघ्यावर हात देत उठले. "गळती असती तर थांबली नसती. हा कुणीतरी उघडलेला आणि बंद केलेला नळ आहे."

बाबांची चौतीस वर्षं नागपूरला पाणीपुरवठ्याच्या नोकरीत गेली. रस्त्यावर लोखंडी सळई टेकवून जमिनीखालची गळती ऐकायची, हे त्यांचं एक काम. दुसरं काम म्हणजे चोरून जोडलेले नळ शोधून काढणं. या दुसऱ्या कामानं त्यांचा स्वभाव घडवला असावा. कुणाच्या दारात ओली माती दिसली की ते आधी त्या घरच्या माणसाच्या तोंडाकडं बघत, मग मातीकडं. आई गेल्यावर ते सहा महिन्यांसाठी माझ्याकडं आले, तेव्हा हा स्वभावही सोबत घेऊन आले. माझा स्वभाव असा नाही, असं मला तोवर वाटत होतं.

घर मी त्याच वर्षी एप्रिलमध्ये घेतलं होतं. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या माझ्या ऑफिसपासून ट्रेननं वीस मिनिटांवर, जुनं टेरेस हाउस, म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. डिसेंबरच्या मध्यावर बाबांना परत सोडायला आणि चुलत बहिणीच्या लग्नाला मी नागपूरला निघणार होते. साडेतीन आठवडे घर रिकामं राहणार होतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये असताना अशा गोष्टींची काळजी मी कधी केली नव्हती. पण इल्फर्डच्या माझ्या मैत्रिणीनं एक फोटो पाठवला. आदल्या हिवाळ्यात ती पुण्याला गेलेली असताना छपराखालच्या लॉफ्टमधला पाइप गोठून फुटला होता. फोटोत तिच्या पलंगावर बेडरूमच्या छताचा लगदा पडलेला होता आणि त्यातून एका साडीचा काठ बाहेर आला होता. खाली तिनं लिहिलं होतं, "स्टॉपकॉक बंद करून जा. प्लीज."

म्हणून मी यादी करून फ्रिजवर लावली. घरात येणारं पाणी बंद करायचा स्टॉपकॉक फिरतो का बघणे. लॉफ्टमधल्या पाइपांना फोमच्या नळ्या चढवणे. घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचा जो पांढरा पाइप भिंतीतून बाहेर जातो त्याला वेष्टण घालणे. हीटिंग अगदीच बंद न करता बारा अंशांवर ठेवणे. आणि मागच्या गार्डनमधल्या भिंतीवरच्या नळाचं पाणी आतून तोडून, नळ उघडून रिकामा करून, त्यावर टोपी बसवणे.

बाबांना या सगळ्याची मोठी गंमत वाटत होती. "आम्ही आयुष्यभर पाइपात पाणी यावं म्हणून धडपडलो," लॉफ्टच्या शिडीखाली उभे राहून ते मला फोमच्या नळ्या पुरवत म्हणाले, "आणि तू पाणी बाहेर काढायला सुटी घेतलीस."

डाव्या बाजूच्या घरात एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत. पूर्वी ते शाळेत लाकूडकाम शिकवत. बोलायला गोड, नेहमी टाय लावलेला, आणि दोन्ही हातांना बारीक कंप. मी राहायला आले त्या आठवड्यात त्यांनी मला स्वतःच्या बागेतल्या रूबार्बच्या आंबट देठांची जुडी आणून दिली होती. त्यानंतर आमचं बोलणं कचऱ्याचे बिन बाहेर ठेवताना व्हायचं तेवढंच. पण नोव्हेंबरपासून ते जरा जास्तच बोलू लागले.

"इंडियाला निघालात म्हणे. कधी?"

मी तारीख सांगितली.

"आणि घराकडं कोण बघणार?"

"कुणी नाही. सगळं बंद करून जाणार."

"चावी माझ्याकडं ठेवलीत तरी चालेल. मी रोज एक चक्कर मारीन."

मी थँक यू म्हटलं आणि विषय बदलला. चार दिवसांनी त्यांनी तेच पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी मी फाटकाशी टोपीचं पार्सल उघडत होते. नळाला घालायची ती जाड, अस्तर लावलेली पिशवी त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "हे कशाला? इथं तेवढी थंडी पडत नाही. मी चाळीस वर्षं राहतोय. बाहेरचा नळ चालू राहू द्या, काही होत नाही."

हे मात्र मला खटकलं. कौन्सिलच्या पत्रकापासून मैत्रिणींपर्यंत सगळे जण बाहेरचा नळ बंद करा म्हणत होते, आणि हा एकटा माणूस तो चालू ठेवा म्हणत होता. मी बाबांना सांगितलं.

"चावी कशाला पाहिजे त्याला?" बाबांनी विचारलं. "आणि आपल्या नळाची एवढी फिकीर?"

"मदत म्हणून विचारत असतील."

"मदत करणारा माणूस एकदा विचारतो, पोरी."

त्याच सुमाराला बाबांचं ते सकाळचं ऐकणं सुरू झालं. सलग तीन दिवस, सात वाजायच्या आसपास, पाणी दोनेक मिनिटं वाहायचं आणि थांबायचं. तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही मागचं दार उघडलं. गवत दंव गोठून पांढरं झालं होतं आणि त्यावर पावलांच्या हिरव्या खुणा होत्या. मागच्या कुंपणातल्या छोट्या फाटकापासून आमच्या भिंतीवरच्या नळापर्यंत आणि तिथून परत. नळाखाली फरशीवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता.

"बाप्पा!" बाबा खुणांशेजारी उकिडवे बसले. "येताना पावलं हलकी, जाताना जड. आणि जाताना पाणी सांडलंय."

मागच्या वाटेवरून शेजाऱ्यांना आमच्या गार्डनमधून जायचा हक्क आहे, हे घर घेताना सॉलिसिटरनं दाखवलं होतं. बिन नेण्यासाठी म्हणून. पण बिन काही रोज सकाळी नेत नाहीत. त्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं लक्ष नव्हतं. मी लॅपटॉपवर दुसऱ्या खिडकीत पाळतीच्या कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू वाचत होते. एप्रिलपासूनच्या सगळ्या साध्या गोष्टी मला उलट्या बाजूनं दिसायला लागल्या. रूबार्ब द्यायला आले तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात नजर फिरवली होती का? माझं पार्सल त्यांनी दोनदा घेऊन ठेवलं, ते उघडून परत चिकटवलं तर नव्हतं? मी घरात एकटी बाई, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पावणेसातलाच बाबांच्या खोलीत, मागच्या खिडकीत, दिवा न लावता उभे राहिलो. अंधार विरळ होत चालला होता. फाटक उघडलं आणि शेजारचे गृहस्थ आले. ओव्हरकोट, गळ्याशी टाय, आणि दोन्ही हातांत झाडांना पाणी घालायच्या मोठ्या झाऱ्या.

"या थंडीत झाडांना पाणी?" बाबा कुजबुजले.

त्यांनी एक झारी नळाखाली धरली, ती भरली, मग दुसरी. पाणी हळू सोडलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. मधे एकदा त्यांनी वर आमच्या खिडक्यांकडं पाहिलं आणि मी मागं सरकले. माझ्याच घरात मी चोरासारखी लपत होते, याचा मला राग आला. झाऱ्या उचलताना ते थांबले, एक खाली ठेवली, श्वास घेतला, पुन्हा उचलली.

"खाली जाऊ? विचारू?" मी म्हटलं.

"थांब. आत्ता विचारलं तर काहीतरी सांगेल. पाणी तोड. मग काय करतो ते बघू."

यादीत ते काम होतंच. पण ते मी निघायच्या आदल्या दिवशी करणार होते, आणि निघायला अजून नऊ दिवस होते. मी त्याच संध्याकाळी सिंकखालचा छोटा व्हॉल्व्ह फिरवून बाहेरच्या नळाचं पाणी तोडलं, नळ उघडून रिकामा केला आणि टोपी बसवून दोरी आवळली. थंडी वाढणार होती, हे खरं. पण थंडीसाठी मी ते केलं असं आज म्हणू शकत नाही. मला त्यांना पकडायचं होतं.

सकाळी ते आले. टोपी बघून थबकले. मग दोरी सोडायला लागले. कापऱ्या बोटांना ती गाठ सुटता सुटेना. बराच वेळ गेला. टोपी काढून त्यांनी नळ फिरवला, इकडे आणि तिकडे. एक थेंब आला नाही. ते नळावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग त्यांनी टोपी पुन्हा चढवली, अस्तराची बाजू नीट आत घेऊन, दोरीची गाठही पुन्हा मारली, आणि रिकाम्या झाऱ्या घेऊन गेले.

पकडल्याचं समाधान मला झालं नाही.

त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. दुपारी दोनच्या सुमारास समोरच्या खिडकीतून बाबांनी मला हाक मारली. ते गृहस्थ बस स्टॉपकडून येत होते. सुपरमार्केटमधला पाण्याच्या बाटल्यांचा प्लास्टिकनं गुंडाळलेला गठ्ठा त्यांनी छातीशी धरला होता. चार घरं अलीकडच्या बुटक्या भिंतीवर ते बसले, गठ्ठा मांडीवर ठेवून. पाच मिनिटांनी उठले, दोन घरं चालले, पुन्हा बसले.

बाबांचा आवाज एकदम बदलला. "याच्या घरी पाणी नाहीये."

"काय?"

"चोरणारा माणूस पाणी असं धरत नाही. मी आयुष्यभर पाहिलीत माणसं. बाटलीतलं प्यायला, झारीतलं संडासला. चल, कोट घाल."

दारावर बेल वाजवल्यावर बराच वेळ उत्तर आलं नाही. मग साखळी लावूनच दार बोटभर उघडलं. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा पडला.

"नळाबद्दल आला असाल," ते म्हणाले. "मला विचारायला हवं होतं. सॉरी."

"नळाबद्दल नाही," मी म्हटलं. "तुमच्या घरी पाणी येतंय ना?"

त्यांचे डोळे बारीक झाले. "तुम्हाला माझ्या मुलीनं फोन केला का?"

"नाही. मी तिला ओळखतही नाही."

"तिनं तुमचा नंबर मागितला होता उन्हाळ्यात. मी दिला नाही. तिनं कुठून तरी मिळवला असेल."

"खरंच नाही."

दार उघडेना. मी त्यांच्यावर संशय घेत होते तितकेच आठवडे ते माझ्यावर घेत होते, हे मला त्या फटीतून दिसलं. मग बाबा पुढं झाले आणि आपल्या जपून वापरायच्या इंग्रजीत म्हणाले, "सर, आय वॉज इन वॉटर. थर्टी फोर इयर्स." आणि कोटाच्या खिशातून त्यांनी तो स्क्रू ड्रायव्हर काढून दाखवला. दाराच्या फटीत हत्यार दाखवणारा परका माणूस! मला वाटलं आता दार आपटणार. पण ते गृहस्थ त्या स्क्रू ड्रायव्हरकडं बघत राहिले आणि त्यांनी साखळी काढली.

आत थंडी होती. पॅसेजमध्ये बादल्या, पातेली, रंगाचे धुतलेले डबे, सगळे पाण्यानं भरून ओळीनं ठेवलेले. स्वयंपाकघरात सिंकखालचं कपाट काढलेलं होतं आणि बाहेरच्या बाजूची भिंत फुगून तिचं प्लास्टर सुटलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटी तिथून पाणी यायला लागलं. त्यांनी स्टॉपकॉक बंद केला, तेव्हापासून घर कोरडं होतं. पूर्वी हे त्यांनी स्वतः अर्ध्या दिवसात दुरुस्त केलं असतं. आता हात ऐकत नव्हते.

"प्लंबर का नाही बोलावला?" मी विचारलं.

"इथले दोघे प्लंबर माझे विद्यार्थी. दोघांचीही माझ्या मुलीशी ओळख आहे." ते खुर्चीवर बसले. "ती ब्रिस्टलला असते. गेल्या हिवाळ्यात मी जिन्यात पडलो, तेव्हा तिनं सांगितलं, आणखी एक काही झालं तर तुम्ही इथं एकटे राहणार नाही. तिनं घर बघून ठेवलंय. म्हाताऱ्यांचं. बागेवर खिडकी आहे म्हणे." थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणून चावी मागत होतो. तुम्ही गेल्यावर पाणी कुठून आणणार होतो?"

माझ्या मनात अजून एक प्रश्न होता, तो मी विचारलाच. "मला सरळ सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही चांगल्या आहात," ते म्हणाले. "चांगली माणसं फोन करतात."

बाबांना यातलं निम्मंच कळलं असेल, पण ते तोवर भिंतीशी आडवे झाले होते. तांब्याच्या पाइपाला लांब, केसासारखी चीर गेली होती. मागच्या थंडीत पाइप गोठला असणार आणि तेव्हा गेलेला तडा हळूहळू वाढला असणार, असं त्यांचं मत. आम्ही दुकान बंद व्हायच्या आत जाऊन प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा आणि दाबून बसवायचे दोन जोड आणले. त्र्याहत्तर वर्षांचे बाबा फरशीवर उताणे झोपले आणि शेजारचे गृहस्थ टॉर्च धरून उभे राहिले. उजेड इतका थरथरत होता की शेवटी बाबांनी मला टॉर्च घ्यायची खूण केली आणि त्यांना करवत दिली. करवत हातात आल्यावर ते हात बऱ्यापैकी स्थिर झाले. पाइप त्यांनीच कापला, अगदी सरळ.

स्टॉपकॉक उघडला. पाणी आलं आणि जोडातून गळलं. बाबांनी शिवी दिली, मराठीत. पुन्हा काढलं, पाइपाची कड घासली, पुन्हा बसवलं. या वेळी थांबलं. तरी बाबा पुढचे आठ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ टिश्यू पेपर घेऊन तिकडे जात आणि तो जोडावर फिरवून बघत. दोघं मग चहा पीत बसत. काय बोलत देव जाणे.

उरलेली यादी आम्ही दोन्ही घरांची मिळून पूर्ण केली. त्यांच्या पाइपांनाही फोम चढला. निघायच्या दिवशी मी चावी त्यांच्याकडं दिली. मनापासून दिली असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नव्हतं. नागपुरात लग्नाच्या गर्दीतही मी फोनवर हीटिंगचं ॲप उघडून बघायची. मी बारावर ठेवलेलं तापमान रोज सकाळी दहा ते बारा या वेळात वीस अंशांवर जायचं. रोज, न चुकता. माझ्या खोलीत, माझ्या सोफ्यावर कुणीतरी बसतंय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. परत आल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं, "रोज दोन तास बॉयलर चालवला. अशा थंडीत चालता ठेवलेला बरा." ते खरं असेल. घरात एक वस्तू हललेली नव्हती. फक्त सोफ्यावरची उशी मी ठेवली होती तशी नव्हती, आणि ते मी त्यांना विचारलं नाही.

फेब्रुवारीत त्यांची मुलगी आली. माझ्याच वयाची, कोट न काढता माझ्या दारात उभी.

"स्वयंपाकघरातला नवा पाइप कुणी बसवला?"

"माझ्या वडिलांनी."

"ते क्वालिफाइड आहेत?"

"इथले नाहीत."

"आणि तुमच्या घराची चावी माझ्या वडिलांच्या हुकाला का आहे?" तिची नजर माझ्या पॅसेजमधून फिरत होती. "ते किती दिवस पाण्याशिवाय होते? तुम्हाला कधी कळलं? त्यांनी तुम्हाला काही दिलंय का? घरातलं काही?"

ते प्रश्न मला झोंबले. पण तिच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं, कदाचित आणखी वाईट. तिच्या मागं, आपल्या दारात, ते गृहस्थ उभे होते आणि नाही, नाही अशी मान हलवत होते.

मी तिला सगळं सांगितलं. झाऱ्या, बर्फ, बाटल्यांचा गठ्ठा. मी नळ बंद केला तेही. ती ऐकत गेली आणि शेवटी दाराच्या चौकटीला टेकून तिनं डोळे पुसले. "सहा आठवडे," ती म्हणाली. "मी दर रविवारी फोन करत होते. ते म्हणायचे, सगळं ठीक आहे."

तिनं त्यांना ब्रिस्टलला नेलं नाही. आठवड्यातून दोनदा एक बाई येऊन बघून जाईल, एवढ्यावर दोघांचं जमलं. पण त्या गृहस्थांनी मला माफ केलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी चावी दारातल्या लेटरबॉक्सच्या फटीतून आत पडली, सोबत चिठ्ठी नव्हती. नंतरचे तीन महिने ते बिन बाहेर ठेवताना माझ्याकडं पाठ करून उभे राहत. बाबा फोनवर विचारायचे, "काय म्हणतो आपला मास्तर?" मी सांगायची, "बरे आहेत."

जूनमध्ये एका संध्याकाळी मी स्टेशनवरून येत होते. ते दारात उभे होते, टाय लावून. मी मान खाली घालून पुढं गेले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"वडिलांना सांगा. जोड अजून कोरडा आहे."

मी वळून बघेपर्यंत ते आत गेले होते. मी लगेच नागपूरला फोन लावला.

"तो म्हणाला म्हणून काय झालं," बाबा म्हणाले. "तू आत जाऊन हात लावून बघितलंस का?"